एलेफसिनातल्या घुगऱ्या

माझ्या मुलीला शाळेतून एक प्रोजेक्ट मिळाला होता. एक प्राचीन शहर निवडायचं, त्याचा इतिहास लिहायचा, आणि आज कुणी दोन दिवसांसाठी तिथे गेलं तर काय काय पाहावं याचा आराखडा करायचा. वर्गातल्या बहुतेकांनी अथेन्स आणि रोम घेतलं. तिने एलेफसिना घेतलं. अथेन्सपासून जवळच, समुद्राकाठी असलेलं हे जुनं ग्रीक शहर. प्राचीन काळी त्याला एलेउसिस म्हणत. ते निवडण्याचं तिचं कारण साधं होतं. तिच्या जन्माआधी माझं जहाज त्या गावासमोरच्या आखातात सात महिने अडकून पडलं होतं, एवढं तिला ऐकून माहीत होतं.

"बाबा, तू तिथे होतास ना? मग मी तुझा इंटरव्ह्यू घेते. टीचर म्हणाली, प्रायमरी सोर्स असेल तर बेटर."

मी हो म्हणालो. बायको खिडकीपाशी इस्त्री करत होती. तिने इस्त्री बंद केली आणि अर्धा झालेला शर्ट तसाच ठेवून आत गेली.

आम्ही दोघं रत्नागिरीकडचे. मी मरीन इंजिनियर. आता जहाजावर जात नाही, सिंगापुरात एका कंपनीच्या जहाजांची दुरुस्ती बघतो. सेम्बावांगला राहतो, कारण शिपयार्ड इथून जवळ पडतात. बायकोचं ऑफिस मात्र चांगी बिझनेस पार्कमध्ये, म्हणजे बेटाच्या दुसऱ्या टोकाला. रोज एमआरटीत, इथल्या मेट्रोत, तिचे जाऊन येऊन तीन तास जातात. ती कधी तक्रार करत नाही. मला वाटतं, त्या तीन तासांत कुणाशी बोलावं लागत नाही, हे तिला बरं वाटत असावं.

मुलीला एक गोष्ट माहीत नव्हती. तिच्या आधी आम्हाला एक मुलगी झाली होती. नऊ दिवस जगली. ती जन्मली तेव्हा मी एलेफसिनासमोर जहाजावर होतो, आणि गेली तेव्हाही तिथेच होतो. हे आम्ही मुलीपासून लपवायचं असं कधी ठरवलं नव्हतं. ती लहान होती म्हणून सांगितलं नाही. पुढे ती मोठी झाली, आणि तोवर न सांगण्याची घराला सवय झाली होती.

इंटरव्ह्यू शनिवारी सकाळी झाला. तिने मोबाईल रेकॉर्डिंगवर ठेवला आणि विचारलं, "जहाज अडकलं म्हणजे काय?"

मी सांगितलं. मी तेव्हा थर्ड इंजिनियर होतो. आमच्या मालकाचं दिवाळं वाजलं आणि त्याने हात वर केले. कोर्टाने जहाज जागच्या जागी थांबवलं. बाकीचे हळूहळू घरी गेले, पण जनरेटर चालू ठेवायला आणि जहाज सांभाळायला काही माणसं लागतातच. आम्ही अकरा जण उरलो. आमच्या बदली कुणी येत नव्हतं, आणि बदली माणसं नसली तर जहाज सोडून जाता येत नाही. दिवसातून चार तास वीज. प्यायचं पाणी लाँचने यायचं.

"आणि गाव? गाव कसं दिसायचं?"

गाव रोज दिसायचं, तेच तर अवघड होतं. एका बाजूला तेलशुद्धीकरणाच्या टाक्या आणि चिमण्या, दुसरीकडे लोखंडाचे कारखाने. मधोमध एक बुटकी टेकडी. टेकडीवर घंटेचा मनोरा असलेलं छोटंसं चर्च आणि खाली उतारावर पांढरे, मोडके दगड. पहिले तीन महिने मला ते दगड म्हणजे बंद पडलेली खाण वाटायची. नंतर किनाऱ्यावर जायची परवानगी मिळाली, तेव्हा पाणी आणणारा लाँचवाला आम्हाला तिथे घेऊन गेला. तो पन्नाशीचा, कमी बोलणारा माणूस होता. त्याने मला कातळात कोरलेल्या लांबलचक पायऱ्या दाखवल्या आणि मोडक्या इंग्रजीत म्हणाला, हजारो माणसं इथे दाटीने उभी राहत. काय बघायला, असं मी विचारलं. तो म्हणाला, ते कुणालाच माहीत नाही; ज्यांनी पाहिलं त्यांनी बाहेर सांगितलं नाही, सांगितलं तर मरणाची शिक्षा होती.

मुलीला हे फार आवडलं. पुढचे दोन आठवडे ती त्याच गावात राहायला गेल्यासारखी वागत होती. जेवताना आम्हाला काय काय सांगायची. अथेन्सहून निघून लोक दिवसभर चालत इथे येत, त्या रस्त्याला आजही पवित्र रस्ताच म्हणतात, फक्त आता त्यावर टायरची दुकानं आणि गॅरेज आहेत. त्या पायऱ्यांवर गुलाम, बायका, राजे, सगळे एकत्र उभे राहू शकत. बाहेरून आलेल्या टोळ्यांनी देऊळ पाडलं आणि पुढे कित्येक शतकं तिथे नुसतं खेडं उरलं.

एका रात्री जेवणाच्या टेबलावर तिने देवळाची मूळ गोष्ट सांगितली. मी ती ऐकली होती, पण लाँचवाल्याच्या तुटक इंग्रजीत. तिने अर्धी मराठीत, अर्धी इंग्रजीत सांगितली.

"धान्याची देवी होती, तिची मुलगी फुलं तोडत होती. तर जमीन ओपन झाली आणि पाताळाचा राजा तिला घेऊन गेला. आईला कुणी सांगितलंच नाही कुठे गेली. ती नाईन डेज शोधत फिरली. काही खाल्लं नाही, आंघोळ पण नाही. मग या गावात आली आणि विहिरीजवळ बसली, ओल्ड लेडी बनून. कुणाशी बोलायची नाही, हसायची नाही. तिने धान्य उगवणंच बंद केलं, मग देव घाबरले. मग डील झाली. मुलगी थोडे महिने खाली, बाकीचे आईकडे."

मी ताटातून मान वर केली नाही. बायको शांतपणे भात कालवत होती. म्हणाली, "तिला थोडे महिने तरी मिळाली."

मग ती आपलं ताट घेऊन उठली. मुलीने माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, "दमलीय. लांबून येते."

दोन दिवसांच्या सहलीचा आराखडाही मुलीने मन लावून केला. पहिल्या दिवशी देवळाचे अवशेष, ती विहीर, पाताळाचं दार म्हणून दाखवतात ती गुहा. मग संग्रहालय, त्यात डोक्यावर पेटी घेतलेली दगडाची भव्य बाई, तिचा चेहरा झिजून गेलाय. तिच्या जोडीची दुसरी बाई दोनेकशे वर्षांपूर्वी एका इंग्रजाने उचलून नेली. ती गेली की शेतं पिकणार नाहीत, म्हणून गावकरी नेऊ देत नव्हते. दुसऱ्या दिवशी समुद्राकाठचा फेरफटका, माशाचं जेवण, आणि किनाऱ्यावरची तेलाची जुनी गिरणी. तिची छपरं गेलीत, पण उन्हाळ्यात तिच्या भिंतींमध्ये नाटकं होतात. शेवटी तिने लिहिलं होतं, 'संध्याकाळच्या फोटोसाठी: आखातातली बुडालेली जहाजं.'

तिने मला स्क्रीनवर ते फोटो दाखवले. तांबडं आकाश, आणि पाण्यातून तिरकं वर आलेलं गंजकं लोखंड. लोक लांबून फोटो काढायला येतात म्हणे. आमचं जहाज अशाच रांगेत होतं. पलीकडचं एक जहाज आमच्या डोळ्यांदेखत महिन्यामहिन्याने कलत गेलं. एकदा आमच्यातला एक तरुण खलाशी रेलिंगच्या बाहेरच्या बाजूला जाऊन उभा राहिला होता. बोसनने, म्हणजे खलाशांच्या मुकादमाने, त्याच्याशी तासभर बोलत राहून त्याला आत घेतलं. त्यानंतर कुणी एकट्याने डेकवर जायचं नाही असा नियम झाला. हे मी मुलीला इंटरव्ह्यूत सांगितलं नव्हतं. "छान आहेत फोटो," मी म्हणालो.

मग तो शनिवार आला. दुपार होती, बायको सोफ्यावर आडवी झाली होती. मुलगी लॅपटॉप घेऊन तिच्या पायाशी बसली.

"आई, हे बघ ना. देवी गेली, देऊळ गेलं, पण तिथल्या बायका अजून धान्य आणतात. नोव्हेंबरमध्ये. टेकडीवरच्या चर्चमध्ये. लास्ट डेला आम्हाला त्या शहराचं फूड न्यायचंय. तू करशील? इझी आहे, लाह," ती सिंगापुरी ढंगात म्हणाली. "फक्त उकडायचं."

बायको उठून बसली. फोटोत मोठ्या परातीत उकडलेले गहू, हरभरे, मसूर, वर डाळिंबाचे दाणे.

"या घुगऱ्या आहेत," ती म्हणाली.

"घुगऱ्या म्हणजे?"

"बाळाच्या बारशाला करतात. पाळण्यात घालून नाव ठेवतात, त्या दिवशी वाटतात."

"मग तुला येतात! करशील ना?"

"नाही. मी नाही करणार. दुसरं काहीतरी ने."

"पण का?"

बायको आत गेली आणि तिने दार लावून घेतलं. मुलगी कावरीबावरी झाली. "बाबा, मी काही चुकीचं बोलले का?"

मी तिला नाही म्हणालो. सोळा वर्षं जे मी कुणाला सांगितलं नव्हतं ते आता सांगायलाच हवं होतं. मी दार वाजवलं आणि बायकोला म्हणालो, "बाहेर ये. मला दोघींना काहीतरी सांगायचंय." ती आली. सोफ्याच्या कडेला बसली, लगेच उठता येईल अशी.

आधी मी मुलीला सांगितलं की तुला एक मोठी बहीण होती. जन्मतः तिच्या हृदयात दोष होता, तो कुणाच्या लक्षात आला नाही, आणि नवव्या दिवशी ती गेली. मुलीने आईकडे पाहिलं. आई जमिनीकडे बघत होती.

मग मी त्या दिवसाचं सांगितलं.

लाँचवाल्याची म्हातारी आई कायम काळ्या कपड्यात असायची. चर्चमधल्या बायका आमच्यासाठी अधूनमधून जेवण पाठवत, त्यात ती पुढे असे. नोव्हेंबरातल्या एका सकाळी लाँचवाला पाण्याबरोबर एक मोठं पातेलं घेऊन आला. आईने सणाचं पाठवलंय, म्हणाला. झाकण काढलं तर आत उकडलेले गहू आणि हरभरे. मी केबिनमधल्या कॅलेंडरवर रोज एक फुली मारत होतो. त्या दिवशी बारावी फुली होती.

मी ओरडलोच. सगळ्यांना म्हणालो, आज माझ्या मुलीचं बारसं आहे आणि बघा, तिच्या घुगऱ्या समुद्रातून चालत आल्या. किती तरी महिन्यांत त्या जहाजावर कुणी काही साजरं केलं नव्हतं. बोसन फिलिपिन्सचा होता, स्वतः चार मुलांचा बाप. त्याने दोरखंडाचा पाळणा विणला, अर्ध्या तासात, सुरेख गाठींचा. मेसमध्ये पंख्याच्या हुकाला टांगला. आत ठेवायला काही नव्हतं म्हणून इंजिन रूममध्ये घालायचा माझा धुतलेला बॉयलर सूट घडी करून ठेवला. अकरा जणांनी पाळीपाळीने झोका दिला. जो तो आपापल्या भाषेत काहीतरी गायला. रेलिंगबाहेर उभा राहिलेला तो मुलगाही गायला. मग बोसनने विचारलं, नाव काय? मला माहीत नव्हतं. मी सकाळीच फोनवर विचारलं होतं, तर बायको म्हणाली होती, नंतर सांगते. बाळ काय करतंय विचारलं, तर म्हणाली, झोपलीय.

"मी दोन वाट्या खाल्ल्या," मी म्हणालो. "हसत होतो. आणि तिला जाऊन तीन दिवस झाले होते."

मला दोन दिवसांनी सासऱ्यांनी फोन करून खरं सांगितलं. त्यानंतरही मला सात आठवडे सुटका मिळाली नाही. रत्नागिरीला घरी पोहोचलो तेव्हा बाळाचं काहीच उरलं नव्हतं. दुपटी, टोपडी, तेलाची वाटी, सगळं सासूबाईंनी देऊन टाकलं होतं. पाळण्याचं मी बायकोला कधी सांगितलं नाही. मला त्याची लाज वाटायची. इंजिन रूममध्ये काम करताना, इथे एमआरटीत उभा असताना, मध्येच तो बॉयलर सूट झोके घेताना दिसायचा.

बायको माझ्याकडे न बघता म्हणाली, "तुम्हाला वाटत असेल माझ्या बाबांनी लपवलं."

"हो."

"मी सांगितलं होतं सगळ्यांना. यांना कळवायचं नाही म्हणून. बाबा तर म्हणत होते, पहिल्या दिवशीच सांगू."

मी तिच्याकडे वळून बसलो.

"तुम्हीच नव्हतं का सांगितलं त्या मुलाचं? रेलिंगबाहेर गेला होता ते? हसत सांगितलं होतंत, पण मला ते ऐकून झोप आली नव्हती. ती गेल्यावर पहिली भीती मला तुमची वाटली. म्हटलं, इथे मला धरायला चार माणसं आहेत. तिथे सगळीकडे पाणी. म्हणून मी फोन घ्यायची आणि झोपलीय म्हणायची. पाच दिवस म्हणत होते. आई फोन माझ्या हातातून काढून घ्यायला बघायची, मी देत नव्हते."

मुलगी रडत होती. बायको रडत नव्हती.

"तुमच्या मनात राग होता," ती म्हणाली. "मला जाणवायचा. मी खोटं बोलले याचा."

"होता."

"अजून आहे?"

मी लगेच नाही म्हणायला हवं होतं. पण सोळा वर्षांनी पहिल्यांदाच आम्ही खरं बोलत होतो, तेव्हा मी म्हणालो, "आता या क्षणी नाही वाटत. उद्याचं माहीत नाही."

तिने मान हलवली. तिला ते पटलं असावं.

मुलीने नाक पुसलं आणि विचारलं, "तिचा फोटो आहे?"

"नाही," बायको म्हणाली. "बारशाला फोटोग्राफर सांगितला होता. तोवर काढायचा नाही, असं आजी म्हणायची."

"आणि नाव?"

बायकोने नाव सांगितलं. मीही ते तेव्हाच पहिल्यांदा ऐकलं. तिने गरोदरपणातच ठरवलं होतं, कुणालाही न सांगता. मुलीने ते एकदा हळू आवाजात म्हणून पाहिलं. मी मनातल्या मनात म्हटलं. इथे लिहीत नाही. ते आमच्या तिघांपुरतंच राहू दे.

त्या बुधवारी सकाळी उठलो तर ओट्यावर पातेल्यात गहू भिजत होते. मी विचारलं नाही. तिने त्या दिवशी ऑफिसातून लवकर येऊन टेका मार्केटमधून हरभरे आणि डाळिंब आणलं. गुरुवारी मुलगी डबा घेऊन गेली. वर्गात ती शहराबद्दल वीस मिनिटं बोलली म्हणे. देवळाबद्दल, दगडाच्या बाईबद्दल, जहाजांबद्दल. माझे वडील तिथे सात महिने होते, एवढं सांगितलं. बहिणीचं सांगितलं नाही. मी का म्हणून विचारलं तर म्हणाली, "ते क्लाससाठी नाहीये, बाबा."

मुलांना घुगऱ्या फारशा आवडल्या नाहीत. अर्धा डबा परत आला. बायकोने तो टाकला नाही. रात्री कांद्याची फोडणी देऊन आम्ही तिघांनी तेच खाल्लं. खाताना मला हात थांबवावा लागला. तिने माझ्या पाठीवर हात ठेवला आणि दुसऱ्या हाताने जेवत राहिली.

मुलीच्या मनात होतं की नोव्हेंबरच्या सुट्टीत आपण तिघांनी तिथे जावं, चर्चमध्ये धान्य घेऊन जावं. तिने विमानाच्या वेळासुद्धा शोधून ठेवल्या होत्या. बायको म्हणाली, "तू मोठी झालीस की जा. मला ते गाव नाही बघवणार. तिथे काही वाईट नाही, पण मला नको." मुलगी थोडी हिरमुसली. मी कुणाचीच बाजू घेतली नाही. खरं सांगायचं तर मलाही जायचं नव्हतं. आमचं जहाज कधीच भंगारात गेलं असणार. लाँचवाला जिवंत आहे की नाही ठाऊक नाही. त्याच्या आईने सणाचं म्हणून पाठवलेलं ते पातेलं आमच्यात कशासाठी वाटलं गेलं, हे तिला कधी कळलं नाही.

घरात फार काही बदललं असं म्हणता येणार नाही. बायको अजून चांगीला जाते आणि दमून येते. मी शिपयार्डला जातो. कधी कधी मला तो जुना राग पुन्हा येतो, कारण नसताना, आणि आता तो आला की तिला कळतं आणि ती विचारते, "आज परत का?" मी हो म्हणतो. मग ती चहा ठेवते.

गेल्या रविवारी आम्ही दोघं सेम्बावांग पार्कच्या किनाऱ्यावर बसलो होतो. समोर सामुद्रधुनी आणि पलीकडे मलेशियातलं जोहोर. दोन जहाजं नांगरून उभी होती. ती बराच वेळ त्यांच्याकडे पाहत होती. मग तिने मला विचारलं, जहाजावर तुमची केबिन कुठल्या बाजूला होती, खिडकी होती का, झोप यायची का. हे तिने आजवर कधी विचारलं नव्हतं. मी सांगत गेलो. केबिन डाव्या बाजूला, एक गोल खिडकी, तिची काच मिठाने पांढरी झालेली. हिवाळ्यात दोन स्वेटर घालून झोपायचो. सासऱ्यांचा फोन आला त्या दिवशी बोसन माझ्या केबिनच्या दाराबाहेर खुर्ची टाकून बसला होता, दुसऱ्या दिवशीपर्यंत.

"तो दारात बसला होता?" तिने विचारलं.

"हो. हलला नाही."

"बरं झालं," ती म्हणाली. आणि मग इतक्या वर्षांत मी तिला रडताना पाहिलं नव्हतं तशी ती रडली, तोंड न झाकता, शेजारी मासे पकडत बसलेल्या म्हाताऱ्याची पर्वा न करता. मी तिच्या बाजूला सरकलो. अंधार पडेपर्यंत आम्ही तिथेच होतो.